सांडपाणी मर्यादेत, मग नळाला वास का?

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते. माहेर उल्हास नदीकाठचं. उन्हाळ्यात आईच्या नळाला औषधासारखा वास येतो, चहालासुद्धा लागतो. धाकटा भाऊ नदीच्या वरच्या अंगाला एका केमिकल कंपनीत आहे. तो म्हणतो, ‘आमचं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादेत आहे, रिपोर्ट आहेत.’ यावरून घरात वाद होतात. खरं कोणाचं? आणि ही मर्यादा ठरते कशी?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं, आणि मला त्याचाच राग येतो. माझी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत गेली. वर सगळे कागद बरोबर आणि खाली कच्च्या पाण्याच्या बाटलीला वास, हे मी अनेक उन्हाळ्यांत पाहिलंय.

भावाच्या रिपोर्टवरचे आकडे बघा. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३०, सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा प्राणवायू) २५०, फिनॉल (उग्र वासाचं एक रसायन) १, सगळे मिलिग्रॅम प्रतिलिटर. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी जो सर्वसाधारण तक्ता आहे, त्यातले हे आकडे. तो तक्ता पाइपाच्या तोंडाशी लागू होतो. नदीला त्या दिवशी पाणी किती आहे, खाली जॅकवेल (नदीतून पिण्याचं पाणी उचलायची विहीर) आहे का, शेजारी आणखी किती पाइप आहेत, याचा त्यात हिशेब नाही.

तो हिशेब आपण करू या. सोयीसाठी आकडे मी धरलेत. समजा उन्हाळ्यात नदीला दिवसाला १०० दशलक्ष लिटर पाणी आहे आणि तिची मूळची बीओडी २. तिला १० दशलक्ष लिटर सांडपाणी मिळतं, बीओडी बरोबर ३०, म्हणजे पूर्णपणे कायदेशीर. दोन्ही मिसळल्यावर बीओडी होते साधारण साडेचार. नेहमीची प्रक्रिया करून पिण्यासाठी जे पाणी उचलायचं, त्याची बीओडी ३ च्या आत हवी, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. म्हणजे कुणीही नियम मोडला नाही आणि नदी नापास झाली. ती ३ वर ठेवायची तर त्या सांडपाण्याला ३० नव्हे, १३ ची मर्यादा हवी. पावसाळ्यात नदीला दहापट पाणी आलं की तेच सांडपाणी मिसळून बीओडी २.३ च्या आसपास राहते, म्हणून जुलैतला नमुना सगळ्यांनाच आवडतो!

फिनॉलचं तर विचारूच नका. पाइपाशी १ चालतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ०.००१. वरच्या उदाहरणात ते अकरापट पातळ झालं तरी मानकाच्या नव्वदपट उरतं. वाटेत जिवाणू काही खातात हे धरलं, तरी तफावत मोठी आहे. शिवाय शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घातला की फिनॉलपासून क्लोरोफिनॉल बनतात. त्यांचा औषधी वास इतक्या थोड्या प्रमाणातही कळतो, की यंत्राआधी नाक सांगतं. आईच्या नळाचा वास कशाचा, हे नमुना तपासूनच ठरेल. पण मी पहिली तपासणी फिनॉलची करायला सांगेन. आणि अमोनियाची. तक्त्यात अमोनियाकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) ५० पर्यंत चालतो. त्यातला एक मिलिग्रॅम मारायला आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो, म्हणजे जंतू मारायला ठेवलेला क्लोरीन तिथेच संपतो. तुरटी आणि वाळूची गाळणी गढूळपणा काढतात. पाण्यात विरघळलेलं रसायन त्यांच्या हाती लागत नाही.

मग मर्यादा कशी ठरवावी? उलटीकडून. आधी जॅकवेलपाशी काय चालेल ते ठरवायचं, मग नदीतलं सगळ्यात कमी पाणी धरायचं, मग वरच्या सगळ्या पाइपांत मिळून किती किलो घाण परवडते ते काढायचं, आणि ती वाटून द्यायची. अमेरिकेत यासाठी दहा वर्षांतून एकदा येणारा सर्वांत कोरडा आठवडा धरण्याची पद्धत आहे. आपला कायदाही यात मागे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम १७ मध्ये राज्य मंडळाचं काम म्हणून लिहिलंय, की एखाद्या ठरावीक प्रवाहात पावसाळा सोडून कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळतं ते बघून तिथल्या सांडपाण्याचं मानक ठरवावं. तक्त्यापेक्षा कडक मर्यादा घालायची मुभाही मंडळाला आहे. म्हणून ‘नियमात बसतं’ एवढ्यावर भावानं थांबू नये असं मला मनापासून वाटतं. त्याच्या हातात एक गोष्ट आहे. रिपोर्टचा नमुना एका वेळी बाटली बुडवून घेतलेला आहे, की चोवीस तास थोडा थोडा गोळा केलेला, हे त्यानं विचारावं. रात्री टाकी रिकामी केली तर सकाळी अकराच्या बाटलीत त्याचा मागमूस नसतो.

जाता जाता एक सांगते. मुंबईत आपण भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी पितो. त्या धरणांच्या वर जंगल आहे, औद्योगिक वसाहत नाही. म्हणून हा वास मुलुंडच्या नळाला येत नाही आणि मुंबईत त्याची चर्चाही होत नाही. आईला तो रोज प्यावा लागतो.

प्रश्न : तोवर पाणी उकळून प्यायलं तर?
– त्याच वाचक

उत्तर : उकळल्यानं जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळा. शिसं, क्रोमियम यांसारखे धातू जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट दाट होतात. वासासाठी कोळशाचं म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचं फिल्टर उपयोगी पडतं, पण काडतूस वेळेवर बदलायला हवं. वास येईल त्याच वेळी स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरा, तारीख-वेळ लिहा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. प्लॅस्टिकची बाटली नको.

राज्य मंडळाचं मुख्यालय सायनला आहे, तुम्हाला लोकलनं सोपं. माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा : आईच्या जॅकवेलच्या वरच्या कारखान्यांची संमतीपत्रं, त्या सगळ्यांना मिळून दिवसाला किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे तो आकडा, आणि ती परवानगी देताना नदीचा मे महिन्यातला प्रवाह किती धरला होता ती नोंद. उत्तर आलं की मला पाठवा, इथे छापू.