‘फुटबॉलमध्ये डेटाचं काम करायचंय म्हणतो, ह्याला पगार कोण देणार?’ कोल्हापूरच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, लहानपणापासून पेठेच्या टीमचा नाद, सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पडीक, मग गुडघा दुखावला आणि खेळणं सुटलं, आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर प्रीमियर लीगच्या मॅचचे आकडे घेऊन बसतो. त्याला फुटबॉल क्लबमध्ये डेटा अॅनालिस्ट व्हायचंय. वडील म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. आणि एका ऑनलाइन स्पोर्ट्स अॅनालिटिक्स कोर्सवाल्यांनी पावणेदोन लाख फी सांगितली आहे, ती भरू का असं तुम्ही विचारलंय.

फी भरू नका. हे पहिल्यांदा सांगतो कारण ‘शेवटच्या तीन सीट’ म्हणून रोज फोन येतायत असं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आलेला, असाच कोर्स करून, सर्टिफिकेट फाइलमध्ये नीट लावलेलं, मी विचारलं की बाबा तुझ्या आवडत्या टीमच्या दहा मॅच घे आणि मला सांग की डावीकडून अटॅक करताना बॉल कुठे हरवतो, तर त्याला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. चार्ट काढता येत होते, प्रश्न विचारता येत नव्हता. फार वाईट वाटलं मला, कारण पोरगं मेहनती होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, हे काम खरंच असतं का. असतं ताई, आणि चांगलं असतं. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचं उदाहरण मुलाला माहीत असेलच पण तुमच्यासाठी आणि त्याच्या बाबांसाठी सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे युर्गन क्लॉप कोच म्हणून आले. त्याच्या आधीच्या सीझनला त्यांची जर्मनीतली टीम, डॉर्टमुंड, सातव्या नंबरवर राहिली होती, मध्ये तर तळाला गेली होती. बाहेरून बघणारा म्हणेल ह्या माणसाची जादू संपली. पण लिव्हरपूलमध्ये इयन ग्रॅहम नावाचे गृहस्थ होते, केंब्रिजला फिजिक्समध्ये पीएचडी केलेले, त्यांनी त्या सीझनची प्रत्येक मॅच आकड्यांत मांडून बघितली आणि दिसलं की गोलच्या संधी किती बनवल्या आणि समोरच्याला किती दिल्या एवढंच धरलं तर ही टीम दुसऱ्या नंबरवर यायला हवी होती. नशीब फिरलं होतं, टीम बिघडलेली नव्हती. नंतर ग्रॅहम क्लॉपना भेटले आणि माइन्झविरुद्ध ०-२ ने हरलेल्या मॅचबद्दल बोलायला लागले, पेनल्टी हुकली, सेल्फ गोल बसला, पण खेळ तुमचाच वरचढ होता असं. क्लॉपना वाटलं ह्यांनी मॅच बघितलीय. ग्रॅहमनी ती बघितलीच नव्हती, फक्त आकडे बघितले होते.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लिव्हरपूलने इटलीच्या रोमा क्लबकडून मोहम्मद सालाह हा खेळाडू घेतला. आधी लंडनच्या चेल्सी क्लबमध्ये त्याला धड संधी मिळाली नव्हती म्हणून इंग्लंडमध्ये ‘हा इथे चालत नाही’ असा शिक्का बसलेला, आणि आकडे सांगत होते की शिक्का थोड्याशा मिनिटांवरून मारलाय. पहिल्याच सीझनला त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. लिव्हरपूलने २०१९ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली आणि २०२० ला ३० वर्षांनी इंग्लंडच्या लीगचं टायटल. हे सगळं डेटामुळे झालं असं मी अजिबात म्हणणार नाही, कोच, खेळाडू, स्काउट सगळे होते. पण लाखो पौंडांचे निर्णय घेताना टेबलावर एक माणूस असा होता जो ‘मला वाटतं’च्या जागी ‘किती वेळा, कितीपैकी’ विचारत होता. त्याच टीममध्ये विल्यम स्पिअरमन आले, ते त्याआधी सर्न ह्या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत पार्टिकल फिजिक्सचं काम करायचे. म्हणजे बघा, तिथे पोचलेली माणसं फुटबॉलचा कोर्स करून आलेली नाहीत, गणित पक्कं करून आलीयत.

पैसेवाल्या क्लबांचंच हे काम असंही नाही. लंडनच्या पश्चिमेला ब्रेंटफर्ड म्हणून छोटा क्लब आहे, त्याचे मालक मॅथ्यू बेनम, लहानपणापासून त्याच क्लबचे फॅन, ऑक्सफर्डला फिजिक्स शिकलेले, बेटिंगच्या धंद्यात आकड्यांची मॉडेल बनवून पैसा केलेला. २०१२ मध्ये क्लब त्यांच्या ताब्यात आला तेव्हा तो तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये होता. मोठ्यांशी पैशात बरोबरी जमणार नाही, मग ज्यांच्याकडे कोणी बघत नाही असे खेळाडू शोधायचे. ऑली वॉटकिन्स २०१७ ला एक्सेटरकडून साधारण १८ लाख पौंडांना आणला, २०२० ला अॅस्टन व्हिलाला साधारण २ कोटी ८० लाखांना विकला. २०१६ ला तर त्यांनी स्वतःची अकॅडमी बंद केली, कारण आपण घडवलेली चांगली पोरं मोठे क्लब लहानपणीच उचलून नेतात हा हिशोब दिसत होता, त्याऐवजी मोठ्या क्लबांनी सोडलेल्या पोरांची बी टीम उभी केली. लोकांनी वेड्यात काढलं. २०२१ मध्ये तो क्लब ७४ वर्षांनी पहिल्या पायरीवर पोचला.

आता थोडं आकड्यांबद्दल, म्हणजे मुलगा रात्री काय करतो ते तुम्हाला कळेल. एक्सजी नावाचं एक माप आहे. एखाद्याने जिथून शॉट मारला तिथून आधी हजारो शॉट मारले गेलेत, त्यातले किती आत गेले त्यावरून त्या शॉटची किंमत काढायची. शंभर पेनल्टींपैकी पंचाहत्तर-ऐंशी आत जातात म्हणून पेनल्टीची किंमत ०.७६-०.७९ च्या आसपास, आणि तीस यार्डांवरून हाणलेला शॉट म्हणजे ०.०२-०.०३, पब्लिक कितीही ओरडली तरी. मॅचभर ह्या किमतींची बेरीज केली की कोण नशिबाने जिंकला ते दिसायला लागतं. ह्याच्या पुढचा ट्रॅकिंग डेटा म्हणजे मैदानातले बावीस जण आणि बॉल कुठे आहे ह्याची सेकंदाला २५ वेळा नोंद, नव्वद मिनिटांत १,३५,००० नोंदी, आणि त्या प्रत्येकीत बावीस जणांची जागा. हे बघायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते, डेटाबेसमधून माहिती काढायला एसक्यूएल लागतं, आणि सगळ्यात जास्त लागतं ते स्टॅटिस्टिक्स, जे तो आत्ता कॉलेजमध्ये शिकतोयच.

आणि इथेच एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा, चार्ल्स रीपची. हे इंग्लंडच्या एअर फोर्समधले अकाउंटंट, मार्च १९५० मध्ये स्विंडनची मॅच बघताना वही काढली आणि प्रत्येक अटॅकची नोंद करायला लागले, पुढे कित्येक वर्षं करत राहिले. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा कमी पासनंतर होतात, म्हणून निष्कर्ष काढला की जास्त पास खेळू नका, बॉल लांब पुढे मारा. ह्या विचाराचा इंग्लंडच्या फुटबॉलवर कित्येक वर्षं असर राहिला. चूक कुठे होती? बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव धरला तर मुळात मैदानावर तीन किंवा कमी पासचे डावच सगळ्यात जास्त असतात, मग गोलही त्यातूनच जास्त येणार ना. एकूण डावांनी भागायचं राहिलं. २००५ मध्ये दोन संशोधकांनी तो भागाकार केला तेव्हा दिसलं की जास्त पासच्या डावांतून, तितक्याच संख्येमागे, जास्त शॉट होतात. एवढी मेहनत, एवढ्या वह्या, आणि छेद विसरला. तुमच्या मुलाने हे काम करायचं ठरवलं तर त्याचा निम्मा दिवस ‘कितीपैकी?’ हेच विचारण्यात जाणार आहे, आणि ते कोचला न दुखावता विचारता यायला पाहिजे. कोचला दहा चार्ट नको असतात, शनिवारच्या मॅचला समोरच्यांच्या लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या डिफेंडरच्या, मागे जागा मिळेल का एवढं हवं असतं, दोन वाक्यांत, मराठीत नाहीतर साध्या इंग्रजीत.

नोकऱ्यांचं खरं खरं सांगतो, अंधारात ठेवत नाही. भारतात फुटबॉल क्लबमध्ये ह्या जागा अगदी मोजक्या आहेत. मुंबई सिटी क्लबच्या मागे मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ मध्ये आला होता, एफसी गोवासारखा व्यवस्थित चालणारा क्लब आहे, पण एका क्लबमागे अॅनालिस्ट एक-दोन, आणि त्यांचंही बरंचसं काम व्हिडिओ कापण्याचं. त्यात २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा, म्हणजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, सीझन वेळेवर सुरूच झाला नाही, काही क्लबांनी पगार थांबवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. फँटसी अॅपवाल्यांकडे डेटाच्या बऱ्या नोकऱ्या होत्या, पण २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचं बंद केलं, तिथलाही भरवसा धरू नका. म्हणून फक्त क्लबवर सगळं अवलंबून ठेवू नये असं मी ठामपणे सांगतो.

पण स्टॅटिस्टिक्सवर ठेवावं. बीएस्सी नीट पूर्ण करू दे, चांगल्या मार्कांनी, आणि मग जॅमची, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जायची, परीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा कानपूरला एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, नाहीतर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, हे नाहीच जमलं तर पुणे विद्यापीठ आहे, घरच्या घरी शिवाजी विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्स विभाग आहे. हे शिकलेल्या मुलाला बँक, विमा, औषध कंपन्या, सगळीकडे काम मिळतं. म्हणजे बाबांना जी शाश्वती हवीय ती ह्याच रस्त्यावर आहे, त्यासाठी त्याला फुटबॉल सोडायला लावायची गरजच नाही. बँकेत क्लार्क व्हायच्या ऐवजी बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये जाईल, आणि क्लबची जागा निघाली तर तिकडे अर्ज करायला मोकळा.

पावणेदोन लाखांच्या कोर्समध्ये जे शिकवतात त्यातलं बरंच फुकट मिळतं. स्टॅट्सबॉम्ब नावाच्या कंपनीने कित्येक मॅचचा डेटा गिटहब ह्या वेबसाइटवर मोकळा ठेवलाय, वर्ल्ड कप आहे, मेसीच्या बार्सिलोनाच्या लीग मॅच आहेत. तो घेऊन काम करू दे. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोचिंग कोर्स करू दे, त्याने कोच कसा विचार करतो ते कळेल, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून.

आणि एक काम असं आहे जे इंग्लंडमधला पीएचडीवाला करू शकत नाही, तुमचा मुलगा करू शकतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ ह्या दोन टीमची मॅच असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, ह्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, तेवढं फुटबॉल तुमच्या गावात आहे, पण शॉट कुठून मारले ह्याची नोंद असलेली एक वही मला तिथे अजून कोणी दाखवलेली नाही. त्याला दोनशे पानी वही घ्यायला सांगा. प्रत्येक पानावर मैदानाचा अर्धा भाग आखायचा, पेनल्टी बॉक्स मापात. शॉट झाला की जिथून झाला तिथे ठिपका, शेजारी मिनिट, कुठल्या पायाने, हेडर असेल तर ह, गोल झाला तर ठिपक्याभोवती वर्तुळ, मध्ये किती डिफेंडर होते तो आकडा. कॉर्नर वेगळ्या पेनाने. पहिल्या दोन मॅचला निम्मं सुटेल, शेजारचा ओरडेल ‘वही ठेव की बाजूला, मॅच बघ’, तरी लिहायचं. पंधरा-वीस मॅच झाल्या की एखाद्या तालमीच्या कोचकडे जाऊन विचारायचं, तुमच्या टीमचे कॉर्नर एवढे झाले, त्यातून शॉट एवढेच झाले, हे तुम्हाला उपयोगी आहे का. तो काय म्हणतो ते तिथेच लिहून घ्यायचं, तो नाही म्हणाला तरी का नाही म्हणाला ते.

पहिल्या पाच मॅच लिहून झाल्या की पानांचे फोटो मला पाठवायला सांगा, मी वेळ काढून बघेन. आणि त्या कोर्सवाल्यांचा परत फोन आला तर मॅच-डेटा घेऊन त्यांनी कुठल्या क्लबला काय सुचवलं आणि क्लबने त्याचं काय केलं, एवढं एक विचारा.