गोल्डफिशचं वय कसं ओळखायचं?

मैत्रीण शहर सोडताना तुम्हाला दोन गोल्डफिश देऊन गेली. एक साधा केशरी, ११ सेंमीचा, आणि दुसरा डोक्यावर गाठी असलेला ओरांडा. तिलाही ते कुणीतरी दिलेले, त्यामुळे खरेदीची तारीख कुणालाच माहीत नाही. आता वय कसं काढायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

जिवंत माशाचं नेमकं वय काढता येत नाही. 'निदान एवढं तरी असेल' इतकं मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला. त्याचं ४३ वर्षं हे वयसुद्धा माशाकडे बघून कुणी ओळखलेलं नाही, जत्रेचं साल ठाऊक होतं म्हणून कळलं. तेव्हा मैत्रिणीला आधी एवढंच विचारा की तिच्याकडे मासे कधी आले आणि तेव्हा केवढे होते. जुना मोबाइल फोटोसुद्धा चालेल. दुकानात मिळणारं ३-४ सेंमीचं पिल्लू साधारण २ ते ४ महिन्यांचं असतं, तेवढे महिने त्या तारखेच्या मागे मोजा.

आता ते ११ सेंमी. काचेला बाहेरून पट्टी लावून मोजलं असेल तर आकडा भरवशाचा नाही, कारण पट्टी काचेवर असते आणि मासा तिच्या मागे पाण्यात. उथळ टबात टाकीतलंच पाणी घ्या, मासा पूर्ण बुडून वर बोटभर राहील इतकं. तळाशी प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि सरळ वरून फोटो काढा. माप तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायचं. शेपूट धरायची नाही, कॉमेट जातीत नुसती शेपूटच फार लांब असते. ओरांड्याला जाळीने उचलू नका, डोक्यावरचा मऊ भाग सोलवटतो. भांडं पाण्यात बुडवून त्यातूनच हलवा.

मोठ्या टाकीत, चांगल्या पाण्यात वाढलेला साधा गोल्डफिश वर्षभरात शेपूट सोडून ७-१० सेंमी होतो आणि १५ सेंमीच्या पुढे जायला बहुधा तीनेक वर्षं लागतात. ओरांडा, रांचूसारख्या गुटगुटीत जाती लांबीने मागे राहतात. पण या आकड्यांवर फार विसंबू नका. काचेच्या गोल भांड्यात ठेवलेला मासा पाच वर्षांचा होऊनही ७ सेंमीचाच राहू शकतो. पाण्यात नायट्रेट (माशांच्या मलमूत्रातून शेवटी उरणारा क्षार) साचतं, जागा अपुरी पडते आणि वाढ खुंटते. अशा माशाचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात आणि कधी पाठीला बाक येतो. लहान अंग, मोठे डोळे असं दिसलं तर मापावरून काढलेल्या वयापेक्षा तो मोठा आहे असं धरा.

मापापेक्षा माझा भर इतर खुणांवर आहे. टॉर्च तिरका धरून कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काट्यावर बघा. मिठाच्या कणांसारखे पांढरे, टणक ठिपके ओळीने दिसले तर तो वयात आलेला नर आहे, म्हणजे साधारण वर्षाच्या आसपास किंवा पुढे. याच ठिपक्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून धडधाकट नराच्या पाण्यात औषध ओतणारे पुष्कळ आहेत! रोगाचे ठिपके अंगभर आणि शेपटीवरही विखुरलेले असतात आणि मासा खडी-काचेला अंग घासतो. मात्र ठिपके नाहीत म्हणून मासा लहान, असं नाही. ती मादी असेल किंवा विणीचा हंगाम नसेल.

रंगही थोडंफार सांगतो. पिल्लं आधी मातकट-तपकिरी असतात आणि काही महिन्यांत पोटाकडून वर केशरी होत जातात. पाठीवर किंवा परांच्या कडेला काळपट छटा उरली असेल तर मासा वर्षाच्या आतला असण्याची शक्यता आहे. फक्त अमोनियाने भाजलेली कातडी भरून येतानाही काळी पडते, म्हणून आधी टेस्ट किटने पाणी तपासा. ओरांड्याच्या डोक्यावरच्या गाठी काही महिन्यांच्या वयात उगवू लागतात आणि पूर्ण भरायला दोनेक वर्षं लागतात. गाठी गालांवर उतरून डोळ्यांपर्यंत आल्या असतील तर तो पिल्लू नक्कीच नाही.

खवल्यांवरची वलयं मोजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वलयं असतात हे खरं, पण ती हिवाळ्यात वाढ मंदावल्यामुळे पडतात. आपल्याकडे टाकीतलं पाणी वर्षभर उबदार असतं, म्हणून ती स्पष्ट उमटत नाहीत. शिवाय उपटलेल्या खवल्याच्या जागी बुरशी धरू शकते आणि तिथे नवा आलेला खवला तर जुनी वलयं दाखवतच नाही. कानातल्या छोट्या खड्यावरून जास्त बरा अंदाज येतो, पण त्यासाठी मासा मेलेला लागतो.

मग घरी करण्यासारखं काय? दोन माशांना निदान १२० लिटरची टाकी, दर आठवड्याला पाव ते एकतृतीयांश पाणी बदल, अमोनिया शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी ते काढून घ्या. असं ठेवून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वरच्या पद्धतीने फोटो काढा. तीन महिन्यांत केशरी मासा सेंटिमीटरभर किंवा जास्त वाढला, तर बहुधा तो दोन वर्षांच्या आतला आहे. मिलिमीटर-दोन मिलिमीटरवरच अडला, तर तो तीनच्या पुढचा तरी असेल, नाहीतर आधीच्या भांड्यात कायमचा खुंटलेला. यातलं कोणतं, ते डोळे आणि पाठ बघून ठरवा.