आरव्ही-७ या घरी बांधायच्या छोट्या विमानात माझदा गाडीचं १३बी रोटरी इंजिन बसवतोय. आरएक्स-७ गाडीचाच इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) वापरू की नवा बनवू?

नवाच बनवा. मी आणि माझा हँगरमधला भागीदार, आम्ही दोघांनी टेक्सासमध्ये हेच इंजिन बसवलं. आज विमानावर आहे तो आमचा तिसरा मॅनिफोल्ड. पहिले दोन का काढावे लागले ते सांगतो, तुमचे काही महिने वाचतील.

गाडीचा मॅनिफोल्ड वाईट नसतो, त्याचं काम वेगळं असतं. गाडीला सिग्नलवरून सुटायचं असतं, चढ चढायचा असतो, हायवेवर पळायचंही असतं. १९९१ साली ल मां जिंकलेल्या माझदा ७८७बी या रेसिंग कारमध्ये तर रनरची, म्हणजे मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीची, लांबी इंजिन चालू असताना कमीजास्त व्हायची. पंख्याचा वेग कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स लावल्यावर तुमचं इंजिन मात्र टेकऑफ आणि क्रूझ दोन्ही साधारण ५५०० ते ६५०० आरपीएममध्ये उरकेल. म्हणून लांबी एकच ठेवा, पण हिशोबाने ठरवा.

हिशोब असा. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन्हींपैकी प्रत्येक रोटर (पिस्टनच्या जागी फिरणारा तिकोनी भाग) एकदा हवा ओढतो आणि दोघांमध्ये १८० अंशांचं अंतर असतं. एका रोटरचा इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत येण्याचं तोंड, उघडतो तेव्हा आत उरलेल्या एक्झॉस्टचा दाब रनरमध्ये उलटा धडकतो. ती दाबाची लाट प्लेनममधून (दोन्ही रनर जिथे मिळतात त्या हवेच्या डब्यातून) दुसऱ्या रनरमध्ये शिरते. दुसरा पोर्ट मिटायच्या ऐन आधी ती तिथे पोचली, तर थोडी जास्तीची हवा आत कोंबली जाते. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे १ मिलिसेकंदात ३६ अंश. तेवढ्या वेळात लाट जवळपास ३५ सेंटिमीटर जाते. समजा एक पोर्ट उघडणं आणि दुसरा मिटणं यात ९८ अंश आहेत, तर वेळ झाला २.७ मिलिसेकंद आणि पोर्टपासून पोर्टपर्यंतचा रस्ता सुमारे ९५ सेंटिमीटर. प्लेनममधलं अंतर वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा. हे अंश शाफ्टला डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावून स्वतः मोजा, कारण आधीच्या मालकाने पोर्ट घासून मोठे केले असतील तर छापील आकडे निरुपयोगी. आणि तुमचं इंजिन आरएक्स-८ चं रेनेसिस निघालं तर हे गणित जसंच्या तसं लावू नका. त्यात एक्झॉस्ट पोर्टही बाजूच्या प्लेटमध्ये आहेत, ओव्हरलॅप (दोन्ही पोर्ट एकाच वेळी उघडे असणं) नाही, त्यामुळे ही लाट तशी उठत नाही.

आमचा पहिला मॅनिफोल्ड लांबीला बरोबर होता. चूक झाली ती ब्रॅकेटमध्ये. थ्रॉटल बॉडी (हवेचं प्रमाण ठरवणारी झडप असलेला भाग) जड म्हणून आम्ही तिला इंजिन माउंटच्या (इंजिन विमानाला धरणाऱ्या सांगाड्याच्या) नळीला टेकू दिला. पण इंजिन रबरावर डोलतं, माउंट जागचा हलत नाही, आणि सगळा ताण फ्लँजजवळच्या (इंजिनाला बोल्ट होणाऱ्या पट्टीजवळच्या) वेल्डवर येतो. ६०६१ या जातीच्या ॲल्युमिनियमची वेल्डशेजारची ताकद आधीच बरीच उतरलेली असते. एकदा विमान उतरल्यावर काऊल (इंजिनावरचं झाकण) काढली तर मागच्या रनरखाली नखाएवढा निळसर डाग. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं असतं, म्हणून दिसला. डाग पुसून नख फिरवलं तर केसाएवढ्या चिरेत अडकलं. तिथून जास्तीची हवा आत जाऊन तो एकच रोटर लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालत होता. लीनवर डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) होतं, आणि डेटोनेशनमध्ये रोटरच्या टोकावरचा एपेक्स सील तुटतो. डोंगरावरून जाताना तसं झालं असतं तर, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. तेव्हा टेकू इंजिनलाच द्या, एअरफ्रेमला (विमानाच्या सांगाड्याला) कधीच नाही. रनर आणि प्लेनमच्या मध्ये सिलिकॉन होजचा तुकडा ठेवा, नळ्यांच्या टोकांना बीड (उठावदार कड) काढून घ्या म्हणजे होज निसटणार नाही.

दुसरा तुटला नाही, तापला. १३बी मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक, आणि रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर गरम. दर १० अंशांना साधारण ३ टक्के हवा विरळ होते, म्हणजे लांबी जुळवून कमावलेलं तिथेच जातं. आता मध्ये स्टीलच्या पत्र्याची शील्ड आहे, मॅनिफोल्डपासून बोटभर अंतर सोडून, आणि हवा काऊलच्या बाहेरून येते.

थ्रॉटलच्या आतल्या बटरफ्लायचे (फिरणाऱ्या झडपेचे) स्क्रू मागून ठोकून पक्के करा. सुटलेला स्क्रू थेट रोटरमध्ये जातो. बसवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हलक्या दाबाची हवा भरा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी लावा. आम्ही हे अजूनही उड्डाणाच्या दर २५ तासांनी करतो, टॉर्च घेऊन, खालच्या बाजूनेसुद्धा.