वाचकांचे प्रश्न : डोळ्यात, सांध्यात आणि त्वचेखाली हायल्युरॉनिक ॲसिड

प्रश्न : डोळ्यांचे थेंब, गुडघ्यातलं इंजेक्शन, चेहऱ्यावरचा फिलर (सुरकुत्या भरायला त्वचेखाली टोचायचं जेल), तिन्हींवर हायल्युरॉनिक ॲसिड लिहिलेलं असतं. पदार्थ एकच का?

उत्तर : रेणू एकच. ग्लुकुरॉनिक ॲसिड आणि एन-ॲसिटाइलग्लुकोसामाइन ही शर्करांची जोडी हजारो वेळा ओवली की ही साखळी बनते. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ती गायीच्या डोळ्यातल्या काचद्रवातून, म्हणजे बुबुळामागे भरलेल्या जेलीसारख्या द्रवातून, वेगळी केली. पूर्वी ती औषधांसाठी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता मुख्यतः जिवाणूंकडून बनवून घेतात. वेष्टनावरचं नाव वाचून थांबू नका. साखळी किती लांब, प्रमाण किती आणि साखळ्या एकमेकींना बांधल्यात का, यावर सगळं ठरतं.

थेंबांत प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के. पापणी मिटताना द्राव घासला जाऊन पातळ होतो, डोळा उघडला की पुन्हा दाटतो. म्हणून तो टिकतो आणि नजर फार धूसर होत नाही. फिलरमध्ये साखळ्या बहुधा बीडीडीई या रसायनाने बांधतात. कारण नुसत्या साखळ्या शरीरातली एन्झाइम थोड्याच दिवसांत कापून टाकतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला तर त्वचा पांढुरकी पडते, खूप दुखतं, नजरही जाऊ शकते. तेव्हा हायल्युरोनिडेज टोचून जेल विरघळवतात आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. हे एन्झाइम हाताशी नसेल तिथे फिलर घेऊच नये.

प्रश्न : इंजेक्शनने गुडघ्याची कूर्चा भरून येते का?

उत्तर : तसा भक्कम पुरावा नाही. निरोगी सांध्याच्या द्रवात मिलिलिटरला २ ते ४ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असतं. झीज झाली की साखळ्या तुटतात आणि वंगण पातळ होतं. इंजेक्शन आठवड्याला एक अशी तीन ते पाच, किंवा मोठा डोस एकदाच देतात. वेदनेतला फरक सरासरीने लहानच. ब्रिटनची ‘नाइस’ संस्था ती देऊ नयेत असं सांगते. टोचल्यावर सांधा सुजून तापला तर ती औषधाचीही प्रतिक्रिया असू शकते, पण द्रव काढून तपासल्याशिवाय संसर्ग नाही असं धरू नये.

प्रश्न : प्रयोगशाळेत १ टक्क्याचं द्रावण करताना गुठळ्या होतात. काय चुकतं?

उत्तर : पूड एकदम ओतली जाते. तिचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडी पूड अडकते, माशाच्या डोळ्यासारखी. १०० मिलिलिटरसाठी १ ग्रॅम सोडियम हायल्युरोनेट (हायल्युरॉनिक ॲसिडचा सोडियम क्षार) घ्या, पाणी ढवळताना पडणाऱ्या भोवऱ्यात चिमटीचिमटीने भुरभुरा, मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्या. घाईने मिक्सर फिरवलात किंवा उकळलंत तर साखळ्या तुटतात आणि दाटपणा जातो. लांब साखळ्यांचं दाट द्रावण निर्जंतुक करायच्या ०.२ मायक्रॉनच्या गाळणीत अडकतं. परिरक्षक म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड टाळा : त्याचा भार धन, साखळीचा ऋण, दोन्ही एकमेकांना धरतात आणि द्रावण गढूळ होतं.