बाबांना घरात सगळं ऐकू येतं, गर्दीत मात्र 'आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत' म्हणतात. मेंदूच्या लहरींचा यात काय संबंध?

तुमच्या बाबांना मेन रोडवर किंवा मंगल कार्यालयात बोलणं कळत नाही, कानातल्या मशीनचा आवाज वाढवूनही फरक पडत नाही, आणि मेंदूच्या लहरी जुळवणारं ॲप घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

आवाज वाढवला की गोंगाटही वाढतो. हरवलेला असतो तो बोलण्यातला चढउतार.

'मी उद्या त्र्यंबकला जाणार आहे' हे म्हणून पाहा. दहा ठोके, साधारण दोन सेकंद. म्हणजे सेकंदाला पाच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. बहुतेक भाषांत हा वेग 4 ते 5 च्या आसपासच येतो. कानशिलाच्या आत मेंदूचा जो श्रवणभाग असतो, त्यातल्या लहरी या चढउताराला धरून चालतात: 4 ते 8 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 4 ते 8 वेळा उठणारी थीटा लहर अक्षरांच्या ठोक्याला, त्याहून संथ डेल्टा शब्दांच्या गटांना. ईईजीत, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखात, हे दिसतं. ही मेंदूची आतली लय जुळते की दर ठोक्याला नुसता नवा प्रतिसाद उठतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

ठोका किती महत्त्वाचा, हे 2009 च्या एका प्रयोगात छान दिसलं. बोलणं तिप्पट वेगाने ऐकवलं तेव्हा निम्म्याहून जास्त शब्द चुकले. मग त्याच आवाजाचे 40 मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकामागे 80 मिलिसेकंद शांतता घातली. नवी माहिती काहीच दिली नव्हती, तरी चुका खूप कमी झाल्या.

गोंगाट नेमक्या याच फटी बुजवतो. निरोगी कान गोंगाटाच्या मधल्या क्षणभराच्या शांततेतूनही शब्द टिपतो, कमी ऐकू येणाऱ्याला ते फारसं जमत नाही. शंभर माणसांच्या सलग कलकलीत तर अशा फटी फारशा उरतच नाहीत. हॉलमध्ये फरशी, काच, पीओपी असेल तर आणखी वाईट, कारण एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर पडतो.

आता करायचं काय? ओरडू नका. ओरडताना स्वर ताणले जातात, व्यंजनं त्या मानाने वाढत नाहीत. नेहमीच्या आवाजात बोला आणि दर तीन-चार शब्दांनी किंचित थांबा. शब्द मात्र लांबवू नका, त्याने ठोकाच बिघडतो. जवळ जा: मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज 6 डेसिबलने वाढतो, गोंगाट आहे तेवढाच राहतो. चेहरा उजेडात ठेवा. ओठ बरेचदा आवाजाच्या आधी हलतात, त्यामुळे पुढचं अक्षर कधी येणार याची मेंदूला आगाऊ सूचना मिळते. बाबांना कोपऱ्यात, गर्दीकडे पाठ करून बसवा आणि तुम्ही समोर बसा, म्हणजे मशीनचे समोरचा आवाज जास्त टिपणारे माइक तुमच्याकडे राहतात.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गोंगाटातलं बोलणं ओळखण्याची चाचणी मागा, नुसत्या ऑडिओग्रामवर (शांत खोलीत किती हळू आवाज ऐकू येतो त्याच्या आलेखावर) ही अडचण दिसत नाही. मशीनचं कॉम्प्रेशन वेगवान ठेवलंय का, हेही विचारा. ते हळू आवाज उचलतं आणि मोठा दाबतं. फार झटपट केलं तर चढउतार सपाट होतो. काहींना संथ सेटिंगने बरं वाटतं, आठवडाभर वापरून ठरवा.

लहरी जुळवणाऱ्या ॲपने गर्दीतलं बोलणं कळू लागतं, याला भक्कम पुरावा नाही. ते पैसे रिमोट मायक्रोफोनसाठी ठेवा. बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावला की आवाज थेट मशीनमध्ये पोहोचतो. फक्त तो बाबांच्या मशीनला जुळतो का, हे आधी दुकानातच लावून पाहा.