अन्यायाचा निकाल लागला तरी गावातली मोठी माणसं गप्प का बसतात?

तुम्ही विचारलंय, निकाल डोळ्यांदेखत चुकीचा असला तरी खेड्यातली जाणती माणसं काहीच का करत नाहीत. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची, बौद्ध घरातली. खैरलांजीचा निकाल आमच्या टोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, दोनदा आला, तेव्हा जे पाहिलं तेच सांगते.

२९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात भोतमांगे या दलित बौद्ध कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांना जमावानं मारलं. एकटे भैयालाल वाचले. नोव्हेंबरात विदर्भभर मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, पोरांवर केसेस झाल्या.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना शिक्षा सुनावली. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. मी नववीत होते. वर्षावास चालू होता, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. त्या दिवशी ग्रंथ मिटलेला राहिला आणि बाबांनी पेपर वाचला. फाशीच्या बातमीला कोणीतरी टाळी वाजवली. मग पुढचं आलं, अ‍ॅट्रॉसिटीचा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होत नाही. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली.

"मंग मारलं कायले?" आजीनं विचारलं. कोणी काही बोललं नाही.

पोरं रात्रीच भंडाऱ्याला निघाली होती. बाबांनी आणि दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्यांना रस्त्यावरून परत आणलं. मला बाबांचा भयंकर राग आला. त्या पोरांपैकी तिघं २००६ च्या मोर्चाच्या केसमध्ये अजून तारखेवर जात होते, आणि वकिलाचे पैसे बाबाच गोळा करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

१४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं सहाही जणांची फाशी रद्द केली, सगळ्यांना २५ वर्षांची कैद दिली. हत्या सुडातून झाली, जातीतून नाही, असंच याही वेळी ठरलं. फाशी गेल्याचं मला एवढं वाटलं नाही. पण जात नव्हती, हे आम्हाला कोणी सांगावं?

धानाची रोवणी ऐन भरात होती. शाळा बुडवून मीही आईसोबत चिखलात होते. टोलीतल्या आम्ही सहा जणी, बाकीच्या गावातल्या. मालकीणबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "चला, सुटली बिचारी पोरं फाशीतून." आईच्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी होती. तिनं वर पाहिलं नाही. ती बांधी, म्हणजे धानाचा तो तुकडा, संपेपर्यंत रोवली, संध्याकाळी मजुरी मोजून घेतली. वाटेत एवढंच म्हणाली, "उद्यापासून इथं नाही." बाकीच्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सहाही जणी गेल्या नाहीत. रोवणीत बाई मिळणं किती कठीण, ते धानवाल्यांना माहीत आहे. मालक स्वतः दारात आले. शेजारच्या काकू आतून म्हणाल्या, बाईला ताप आहे म्हणून सांगा. आई बाहेर गेली आणि म्हणाली, "ताप नाही, भाऊ. येत नाही."

आमची नांगरणी त्यांच्याच ट्रॅक्टरनं उधारीवर व्हायची. ती बंद झाली. त्या वर्षी आमची एक बांधी पडीत राहिली, आणि आई रोज चार किलोमीटर चालत दुसऱ्या गावी रोवणीला गेली.