थकलेल्या देशात आपला मुलगा

मुलगा ज्या देशात नोकरीला आहे त्या देशानं परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, तर तिथं आपल्या माणसाचं काय होतं? ही काळजी घेऊन आईवडील माझ्याकडं समुपदेशनाला येतात. श्रीलंकेनं १२ एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोलच्या रांगा आणि तेरा-तेरा तासांची वीजकपात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. आता कुठल्याही देशाचं नाव अशा बातमीत आलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभं राहतं.

कुपवाडच्या एका काकांची हकिगत सांगते. त्यांची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काका साखर कारखान्यातून निवृत्त. मुलगा घानातल्या टेमा बंदराजवळ प्लास्टिकच्या कारखान्यात, सून आणि नात तिथंच. घानानं १९ डिसेंबर २०२२ ला बहुतेक परदेशी कर्जांची फेड थांबवल्याचं जाहीर केलं आणि काकांची झोप उडाली. पहाटे उठून मोबाइलवर सेडीचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव बघायचे आणि सहा वाजले की मुलाला फोन लावायचे. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आहे. तिकडं मध्यरात्र उलटलेली असायची. हळूहळू मुलानं फोन उचलणं सोडलं आणि काकू काकांना माझ्याकडं घेऊन आल्या.

“मॅडम, सरकारच बुडालंय तिथलं. उद्या बँक बंद, विमानतळ बंद. परक्या माणसाला कोण विचारतंय? निघ म्हणतोय तर फोनच उचलत नाही.”

“बंद म्हणजे नेमकं काय दिसतं तुम्हाला, काका?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग एका पतसंस्थेचं ओढलेलं शटर आणि त्यावर चिकटवलेली नोटीस त्यांनी मला सांगितली. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग तिथं अडकला होता, सगळा परत आलाच नाही. संचालक शेवटपर्यंत “काही होत नाही” म्हणत होते. सांगली जिल्ह्यात अशी ठेच लागलेली घरं कमी नाहीत. म्हणून अशा माणसाला “काही होत नाही हो, कशाला काळजी करता” म्हणणं मला चुकीचंच वाटतं. हे वाक्य त्यानं एकदा ऐकलेलं असतं, आणि त्याची किंमतही मोजलेली असते.

त्यापेक्षा दोन गोष्टींतला फरक समोर ठेवावा. पतसंस्था अवसायनात निघते, मालमत्ता विकली जाते आणि ती संपते. देशाचा असा लिलाव होत नाही. सरकार कर गोळा करत राहतं, विमानतळ चालू राहतो. ते सावकारांसमोर बसून व्याज कमी करा, मुदत वाढवा, थोडी रक्कम सोडा, अशी बोलणी करतं. ही बोलणी वर्षानुवर्षं चालतात. कर्ज थकलं म्हणून परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना आपोआप रद्द होत नाही, सरकारच्या कर्जासाठी त्याचं सामान कुणी उचलून नेत नाही.

पण फटका बसतो, आणि तो लपवू नये. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण सहा सेडी पडायचे, नोव्हेंबरमध्ये तेरा-चौदा. डिसेंबरमध्ये महागाईचा दर ५४ टक्क्यांवर होता. ज्याचा पगार सेडीत आणि घराचा हप्ता सांगलीत रुपयांत, त्याच्या पगाराला मधल्या मध्ये गळती लागते.

पैसे कुठं ठेवलेत यावरही खूप अवलंबून असतं. ग्रीसमध्ये २०१५ च्या जूनअखेर बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळू लागले, पण ती मर्यादा परदेशी बँकांच्या कार्डांना नव्हती. एकाच शहरातल्या दोन परदेशी माणसांची अवस्था त्यामुळं वेगळी होती. लेबनॉनमध्ये तर मार्च २०२० मध्ये सरकारनं हात वर करण्याआधीच बँकांनी लोकांचे डॉलर अडवून धरले होते. तिथं सगळ्यांत वाईट हाल घरकामाला आलेल्या इथिओपियन बायकांचे झाले. मालकांकडं पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा कित्येकींना बैरूतमधल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाबाहेर रस्त्यावर सोडून दिलं गेलं. राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला आणि पासपोर्ट बऱ्याचदा त्याच्याच ताब्यात. त्या बायकांचं मला अजून वाईट वाटतं. देश थकला की परक्यांमध्येही जो आधीच कमकुवत असतो तो सगळ्यांत आधी चिरडला जातो. आपला माणूस त्यात कुठं उभा आहे हे बघायला हवं.

हे ऐकून काका एकदम म्हणाले, “म्हणजे पोराला हे विचारायला पाहिजे होतं.”

पुढच्या भेटीला रविवारी मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. काकांनी “कधी येतोस” हा प्रश्न विचारायचा नाही, एवढंच ठरलं होतं. त्यांनी पगाराचं विचारलं. मोठा भाग डॉलरमध्ये भारतातल्या खात्यात, घरखर्चापुरता सेडीत. पासपोर्ट? तिघांचेही घरात, कपाटात. काकांचे खांदे तिथंच सैल झाले. मग त्यांनी कारखान्याचं विचारलं आणि मुलगा अडखळला. कच्चा माल बाहेरून येतो, त्यासाठी बँकेकडून डॉलर वेळेवर मिळत नव्हते. एक पाळी बंद केली होती. “बाबा आणखी घाबरतील म्हणून बोललो नाही,” तो काकूंकडं बघत म्हणाला.

खरा धोका हा होता. नोकरी गेली तर नोकरीवर अवलंबून असलेला परवानाही जातो. आणि नेमकी हीच गोष्ट तो सांगत नव्हता, कारण घरून रोज एकच हाक येत होती, निघून ये. सल्ल्यासाठी आलेल्या बऱ्याच घरांत मी हे पाहते. भीतीनं केलेल्या फोनला खरं उत्तर मिळत नाही.

पैशाचा सल्ला मी देत नाही, तो माझा विषय नाही. त्यांच्या नात्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडं पाठवलं. बापलेकांनी त्यांच्यासोबत बसून ठरवलं की घराच्या कर्जाचे सहा हप्ते आणि तिघांच्या तिकिटाचे पैसे भारतातल्या खात्यात राखून ठेवायचे, ते मोडायचे नाहीत. सेडीत महिनाभराच्या खर्चापेक्षा जास्त ठेवायचं नाही. परवान्याची मुदत काकांच्या डायरीत, घानाची राजधानी अक्रा, तिथल्या भारतीय उच्चायोगाचा नंबर दोघांकडं. दुसरी पाळीही बंद झाली तर सून आणि नात आधी येतील. हे शेवटचं काकूंनी सुचवलं. इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

फोन रविवारी संध्याकाळी करायचा असं ठरलं. पहिले काही आठवडे काकांना ते जड गेलं. पहाटे जाग यायचीच. त्या वेळात कृष्णाकाठी फिरायला जा, मोबाइल घरी ठेवून, एवढं मी सांगितलं. ते कधी पाळायचे, कधी नाही.

मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं घानाला तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. घानाचे परदेशी कर्जरोखे ज्यांच्याकडं होते त्यांच्याशी तडजोड पूर्ण व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. बंद पाळी मधेच सुरू झाली होती, मुलगा अजून तिथंच आहे. काका आता घानासाठी येत नाहीत. पतसंस्थेत गेलेल्या पैशाबद्दल काकूंना त्यांनी कधी पूर्ण आकडा सांगितला नव्हता, तो सांगायचा आहे. त्यावर आमचं काम चालू आहे.